ट्रॉलीचा सुटा फाळका आणि त्यावरील दिव्यांची जोडणी

ऊंसतोडीचा हंगाम सुरू झाला म्हणजे आपल्याकडील रस्ते रात्रींहि जागे असतात. दिवसा फडांत मोळ्या बांधून होतात, तिसऱ्या प्रहरीं ट्रॉली भरावयास लागतात, आणि कारखान्याच्या काट्याकडे निघतां निघतां बहुधा दिवस मावळून गेलेला असतो. अशा वेळीं ट्रॉलीच्या मागील अंगास दिवा आहे कीं नाहीं, व असल्यास तो पेटतो कीं नाहीं, ही गोष्ट दिसावयास किरकोळ, परंतु मागून येणाऱ्याच्या जिवाशीं तिची गांठ आहे. या लेखांत आम्ही तिच्या एकाच अंगाचा विचार करणार आहों. तें अंग म्हणजे ट्रॉलीचा मागील फाळका. हा फाळका कधीं बिजागरीवर खालीं सोडतात, कधीं कड्या काढून समूळ उचलून ठेवितात. आणि नेमके याच हालत्या व सुट्या भागावर दिवे बसविण्याची चाल गांवोगांव पडली आहे. दिवे हालत्या भागावर आणि वीज पुढें ट्रॅक्टरांत, अशी ही वांटणी असल्यामुळें मधली जोडणी विचारपूर्वक केली नाहीं तर दिवे असून नसल्यासारखे होतात.

हे शेवटचे शब्द आम्हीं अलंकार म्हणून लिहिलेले नाहींत. गेल्या पौष महिन्यांत आमच्या संघाच्या एका सभासदाची ट्रॉली फडांतून भरून निघाली असतां हमरस्त्यावर तिचें एक चाक बसलें. गाडी कडेला उभी करून चालक जॅक आणण्याकरितां जवळच्या वस्तीवर गेला. रात्रीचे नऊ वाजण्याचा सुमार होता. मागून मोटारसायकलवर दोघे तरुण आले व मोळ्यांच्या बाहेर निघालेल्या टोकांवर आदळले. एकाच्या मांडीचें हाड मोडलें. दुसऱ्याचें खरचटण्यावर निभावलें. दुसऱ्या दिवशीं आम्ही तेथें गेलों तेव्हां ट्रॉलीचा मालक पुनः पुन्हां एकच सांगत होता, "अण्णा, दिवे संध्याकाळीं लावून पाहिले होते हो! दोन्ही लागत होते." त्याचें बोलणें खोटें नव्हतें. दिवे लागत होते. पण ते फाळक्यावर होते, आणि मोळ्या रचण्यास अडचण होते म्हणून फाळका काढून फडाच्या बांधावर लिंबाच्या झाडाला टेकवून ठेविलेला होता. ट्रॉलीच्या मागें तारांचा एक झुबका पाचटाच्या दोरीनें बांधून लोंबत होता, एवढेंच. पुढें तोच फाळका आणवून आम्हीं जोडून पाहिला, तेव्हां आणखी एक गोष्ट उघडकीस आली. डावा दिवा लागे, उजवा लागत नसे. फाळका हातानें जरासा उचलून धरला कीं उजवाहि लागे, सोडला कीं विझे.

म्हणजे एकाच ट्रॉलींत दोन निरनिराळीं व्यंगें होतीं. पहिलें, फाळका नसतांना दिव्यांची कांहीं सोयच नव्हती. दुसरें, फाळका असतांनाहि वीज कोणत्या वाटेनें परत जाते याचा बांधणाराने विचार केलेला नव्हता. यांपैकीं दुसरें आधीं घेऊं. कारण तें डोळ्यांस दिसत नाहीं, आणि म्हणूनच तें सर्वत्र आढळतें.

शेतकऱ्यास पाण्याचा व्यवहार चांगला ठाऊक असतो. पाट फोडून पाणी वाफ्यांत सोडलें कीं काम झालें. तें विहिरींत परत आणावें लागत नाहीं. विजेचा व्यवहार मात्र पाटासारखा नाहीं, तो रहाटगाडग्यासारखा आहे. रहाटाच्या माळेंतील भरलेलीं गाडगीं वर येतात तितकींच रिकामीं गाडगीं खालीं गेलीं पाहिजेत. उतरती बाजू कोठें अडकली तर चढती बाजूहि त्याच क्षणीं थांबते. बॅटरींतून निघालेला प्रवाह दिव्यांतून जाऊन बॅटरीच्या दुसऱ्या टोंकास परत पोंचला, तरच दिवा पेटतो. जाण्याकरितां आपण रंगीत तार घालतों. परत येण्याकरितां बहुतेक ठिकाणीं तारच नसते. ट्रॅक्टराचें लोखंड, दांडींतील खिळा, ट्रॉलीची चासी, बिजागरी आणि फाळक्याचा पत्रा, अशा लोखंडी वाटेनें वीज परत जावी अशी अपेक्षा असते. कारागीर यासच बॉडी अर्थ म्हणतात.

मोटारीच्या एकसंध सांगाड्यांत ही रीत चालते. ट्रॉलींत ती चालत नाहीं, याचीं कारणें उघड आहेत. दांडीचा खिळा भोंकांत सैल असतो. त्यावर ग्रीस व धूळ यांचा थर बसतो. बिजागरीच्या दांड्यास गंज चढतो, वरून रंगाचे दोन हात दिलेले असतात, आणि रंग व गंज दोन्ही विजेस अडविणारे आहेत. ट्रॉली हालली कीं लोखंड क्षणभर लोखंडाशीं भिडतें, पुढच्या क्षणीं सुटतें. वर सांगितलेल्या ट्रॉलीचा उजवा दिवा फाळका उचलतांच लागे, तो याच कारणानें. बिजागरीचा तो एक कोपरा हीच त्याची परतीची वाट होती.

यासाठीं आमचें पहिलें व मुख्य सांगणें असें कीं, परतीची तार स्वतंत्र घालावी. ट्रॅक्टराच्या मागील सॉकेटापासून फाळक्यावरील प्रत्येक दिव्यापर्यंत ती अखंड असावी, आणि बिजागरी, कडी, सांखळी किंवा खिळा यांवर विसंबून राहूं नये. शिवाय ही तार इतर सर्वांहून जाड असावी. लोक येथें उलट करतात; परतीची तार म्हणजे उरलासुरला तुकडा, असा समज दिसतो. परंतु जातांना प्रत्येक दिव्याचा प्रवाह आपापल्या तारेनें जातो आणि येतांना सगळ्यांचा मिळून एकाच तारेनें येतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे ती जाड कां पाहिजे हें वेगळें सांगावयास नको.

आंकड्यांनींच हें पाहूं. ट्रॅक्टराची बॅटरी १२ व्होल्टची असते. मागील लाल दिव्याचा बल्ब साधारणतः ५ वॅटचा, ब्रेकचा २१ वॅटचा व वळणाचा २१ वॅटचा असतो. दोन लाल दिवे व नंबराच्या पाटीचा एक मिळून १५ वॅट, दोन ब्रेकदिवे ४२ वॅट, एका बाजूचा वळणदिवा २१ वॅट. एकूण ७८ वॅट. यास १२ नें भागिलें असतां साडेसहा अँपिअर येतात. रात्रीं ब्रेक दाबून वळण घेतांना इतका प्रवाह एकट्या परतीच्या तारेंतून वाहतो. बाजारांत स्वस्त मिळणारी अर्धा चौरस मिलिमीटरची तार सहा मीटर लांब घातली, तर या प्रवाहास परतीच्या वाटेवरच सुमारें १.३ व्होल्टची खोट येते, व ब्रेकदिव्यांकडे जाणाऱ्या तशाच तारेंत आणखी ०.७ व्होल्टची. म्हणजे १२ पैकीं दोन व्होल्ट वाटेंतच जिरले. दोन व्होल्टांनीं काय बिघडतें, असें कोणी म्हणेल. तारेच्या बल्बाचा स्वभाव असा आहे कीं, दाब शेंकडा १० कमी झाला तर उजेड शेंकडा ३० च्या आसपास कमी होतो. वरील हिशेबानें ब्रेकदिव्याचा उजेड जवळ जवळ निम्म्यावर येतो. तेंच ब्रेकची तार दीड चौरस मिलिमीटरची व परतीची अडीच चौरस मिलिमीटरची घातली, तर एकूण खोट अर्ध्या व्होल्टच्या घरांत राहते आणि उजेडांत फारसा फरक पडत नाहीं. दुकानांत यांसच दीड एम्. एम्. व अडीच एम्. एम्. असें म्हणतात. घरांतील भिंतींत घालतात ती एकेरी जाड कण्याची तार येथें कामाची नाहीं. ती हादऱ्यानें आंतल्या आंत तुटते आणि वरून अखंड दिसत राहते. पुष्कळ बारीक तंतूंची लवचीक तार घ्यावी.

एका ट्रॅक्टरामागें दोन ट्रॉली जोडल्या असल्यास दुसरीच्या फाळक्यापर्यंतचें अंतर दुप्पट होतें व खोटहि त्याच मानानें वाढते. पुष्कळ दुजोड गाड्यांचा शेवटचा दिवा काजव्यासारखा मिणमिणतांना दिसतो, त्याचें कारण बॅटरींत नसून या बारीक तारेंत असतें. मागून येणारास तर तो शेवटचाच दिवा दिसावयाचा असतो.

आतां तारा किती व कोणत्या, हें पाहूं. पांच तारांत काम भागतें : लाल दिवे, ब्रेक, डावें वळण, उजवें वळण व परतीची. आय्. एस्. ओ. १७२४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या सात पिनांच्या प्लगांत १ ली पिन डाव्या वळणाची, ३ री परतीची, ४ थी उजव्या वळणाची, ५ वी उजव्या लाल दिव्याची, ६ वी ब्रेकची व ७ वी डाव्या लाल दिव्याची असते. तारांचे रंग याच क्रमानें पिवळा, पांढरा, हिरवा, तपकिरी, लाल व काळा असे आहेत. २ री पिन निळ्या तारेची, ती मागील धुकेदिव्याकरितां असते. ट्रॉलीवर ५ वी व ७ वी एकत्र करून एकच तार मागें नेली तरी चालते. येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. प्लगांतील पिनांचे क्रमांक छापलेले असले तरी पूर्वीच्या कारागिरानें त्या क्रमानेंच तारा जोडल्या असतील, असें मुळींच धरून चालूं नये. एका बल्बास दोन तारा जोडून तपासणीचा दिवा करावा, त्याची एक तार बॅटरीच्या ऋण टोंकास लावून दुसरीनें सॉकेटांतील एकेक घर तपासावें, आणि जें आढळेल तें कागदावर लिहून तो कागद पेटींत चिकटवून ठेवावा. हें अर्ध्या तासाचें काम आहे. तें न केल्यामुळें डावें वळण दाबलें असतां उजवा दिवा लागणाऱ्या ट्रॉली आम्हीं पाहिल्या आहेत. दिवा मुळींच नसण्यापेक्षां तो प्रकार वाईट.

ट्रॉलीच्या लाल दिव्यांच्या व ब्रेकच्या तारेंत ट्रॅक्टराच्या बाजूसच स्वतंत्र फ्यूज घालावे. लाल दिव्यांस ५ अँपिअरचा व ब्रेकला साडेसात अँपिअरचा पुरतो. फाळका पडतांना एखादी तार लोखंडांत चिमटली तर फ्यूज जळून काम तेवढ्यावर थांबतें. फ्यूज नसेल तर तार तापते, आणि तिच्या शेजारीं वाळलेलें पाचट असतें. अधिक लिहिण्याची जरुरी नाहीं.

यानंतर फाळक्याकडे येऊं. फाळका नुसता बिजागरीवर पडणारा असेल, तर तार स्थिर भागावरून हालत्या भागावर कोठें ओलांडावी हा प्रश्न येतो. बहुतेक जण ती वरच्या कडेनें, सोयीस्कर दिसतें म्हणून नेतात. तेथें फाळक्याची हालचाल सर्वांत मोठी, म्हणून ओढहि सर्वांत मोठी. तार नेहमीं बिजागरीच्या अगदीं जवळून ओलांडावी. तेथें हालचाल थोडी असते व तार ओढली न जातां नुसती वळते. ओलांडण्याच्या जागीं ती सरळ ताणून न बसवितां खालीं झोळ देऊन बसवावी. झोळामुळें ओढ बसत नाहीं, शिवाय तारेवरून ओघळणारें पावसाचें पाणी झोळाच्या तळाशीं गळून पडतें, दिव्याच्या पेटींत शिरत नाहीं. अमेरिकेंत १९३० नंतरच्या दशकांत मोटारीमागें ओढण्याच्या लहान मुक्कामी गाड्या घरच्या घरीं बांधण्याची हौस पसरली. त्या गाड्यांचें मागील दार वर उचललें जातें व त्याखालीं स्वयंपाकाची जागा असते. दारावर दिवा लावावयाचा तर त्या हौशी लोकांपुढेंहि हाच पेंच येतो आणि त्याचा उलगडाहि हाच आहे. तेव्हां आपल्या लोहारी ट्रॉलीची ही अडचण कांहीं जगावेगळी नव्हे.

फाळका समूळ निघणारा असेल तर झोळ पुरत नाहीं; तेथें प्लग व सॉकेट हवेंच. तारा पिळून, चिकटपट्टी गुंडाळून जोडणें व दर खेपेस सोडणें, ही रीत आम्हांस मुळींच मान्य नाहीं. दहा वेळां पिळलेले तंतू अकराव्या वेळीं निम्मे तुटलेले असतात, आणि अंधारांत घाईनें जोडतांना पांचांपैकीं एक तार राहूनच जाते. ट्रॅक्टराकरितां मिळतो तोच सात पिनांचा जोड येथेंहि घ्यावा, म्हणजे एकाचा दुसऱ्यास लागतो. सॉकेट ट्रॉलीच्या स्थिर भागावर, मागील आडव्या तुळईच्या आंतल्या अंगास, डाव्या कोपऱ्यापाशीं बसवावें. रस्त्याच्या कडेला उभें राहून तेथें हात पोंचतो. उजव्या बाजूस वाहत्या रस्त्यांत उभें राहावें लागतें. ज्या बाजूनें वीज येते त्या अर्ध्यांतील धातूचे भाग आंत दडलेले असावेत आणि उघड्या पिना दिव्यांच्या बाजूच्या अर्ध्यांत असाव्यात. कारण फाळका काढल्यावर स्थिर अर्धा जिवंत राहतो. त्याच्या पिना उघड्या असतील तर त्या लोखंडास लागून फ्यूज जातो. सॉकेटास झांकण असावें, व तें खालच्या बाजूस उघडणारें असावें.

प्लगाच्या तारेचा ताण प्लगांतील स्क्रूंवर कधींहि पडूं देऊं नये. फाळक्यावर, प्लगापासून हातभर अंतरावर, तार पट्टीनें घट्ट धरावी. एखादे वेळीं प्लग काढावयाचें विसरून कोणी फाळका उचललाच, तर प्लग सरळ ओढीनें निसटून यावा, तार तुटूं नये, अशा दिशेनें सॉकेटाचें तोंड ठेवावें. विसर पडणार नाहीं असें धरून जोडणी करणें म्हणजे माणसें ओळखत नसल्याचें लक्षण होय.

दिवे फाळक्याच्या चौकटींत आंत बसवावे. पत्र्याच्या बाहेर आलेला दिवा पहिल्याच खेपेस माल उतरतांना फुटतो. भोंवतीं लोखंडी सळईचें कडें द्यावें. पत्र्यास जेथें तारेसाठीं भोंक पाडलें असेल तेथें रबराचें कडें घालावें, नाहींतर पत्र्याची धार हादऱ्यानें करवतीसारखी तार कापते. तारेच्या टोंकांस तांब्याचे लग दाबून बसवावे. नुसता डाख दिलेला सांधा मोकळा लोंबत असेल तर डाख जेथें संपतो तेथेंच तार पुढें मोडते. डाख द्यावयाचाच तर सांधा पट्टीनें जखडलेला असावा. आणखी एक गोष्ट शेतीच्या वाहनांसच लागू आहे, ती शहरांतील वायरमनास सुचत नाहीं. आपण ज्या ट्रॉलींतून ऊंस नेतों तिच्यांतूनच खतांचीं पोतीं आणतों. खतांतील अमोनियाचे क्षार ओलाव्याबरोबर तांबें व पितळ खातात. पिना हिरव्या पडतात त्या यामुळें. खत वाहिल्यावर प्लग-सॉकेट कोरड्या फडक्यानें पुसून त्यांस व्हॅसलीनचा पातळ हात द्यावा. हा उपाय फुकटांत जमा आहे.

जोडणी झाल्यावर ती तपासण्याची रीत. दिवे लागले म्हणजे झालें, असें समजूं नये. लागलेला दिवाहि आजारी असूं शकतो. लाल दिवे लावून ठेवावे व दुसऱ्यास ब्रेक दाबावयास सांगावें. ब्रेकदिवा पेटतांना लाल दिवा मंद झाला, किंवा वळणाचा दिवा उघडझाप करतांना शेजारचा लाल दिवाहि त्याच तालावर मिणमिणूं लागला, तर परतीची वाट अडलेली आहे असें खुशाल समजावें. तिला वाट मिळत नाहीं म्हणून वीज शेजारच्या बल्बांतून उलटी शिरून मार्ग शोधीत असते. व्होल्टमापक असल्यास सर्व दिवे लावून दिव्याच्या परतीच्या टोंकावर त्याची एक सुई व बॅटरीच्या ऋण टोंकावर दुसरी ठेवावी. अर्ध्या व्होल्टहून अधिक दाखविल्यास एकेक सांधा उकलून पाहावा. ही तपासणी फाळका मिटलेला, उघडलेला व हातानें हालविलेला, अशा तिन्ही स्थितींत करावी. आमच्या त्या सभासदानें संध्याकाळीं दिवे पाहिले, ते फाळका मिटून उभ्या ट्रॉलीवर पाहिले. त्या एका स्थितींत ते लागत होते.

एल्. ई. डी. दिव्यांविषयीं बरेच जण विचारतात. त्यांस प्रवाह फार थोडा लागतो, त्यामुळें वर सांगितलेली दाबाची खोट बरीच कमी होते, आणि हादऱ्यानें त्यांचा बल्ब जात नाहीं. म्हणून ते घेण्यास आमची हरकत नाहीं. मात्र वळणाच्या दिव्यांची उघडझाप करणारी जुनी डबी बल्बांच्या प्रवाहावर चालते. दिवे बदलल्यावर ती भराभर उघडझाप करूं लागते किंवा करीतच नाहीं. तेव्हां डबीहि बदलावी. परतीची तार एल्. ई. डी. लासुद्धां लागतेच.

आतां पहिल्या व्यंगाकडे वळूं. ऊंस वाहतांना फाळका काढावा लागतो, व न काढला तरी मोळ्यांचीं टोंकें त्यावरून मागें येऊन दिवे झांकतात. कांहीं कारागीर म्हणतात कीं, दिवे स्थिर तुळईवरच बसवावे म्हणजे प्रश्न मिटला. माती, मुरूम, खत वाहतांना हें खरें आहे, आणि नवी ट्रॉली बांधणारानें तसेंच करावें असें आम्हांसहि वाटतें. परंतु तुळई खालीं, ऊंस वर व मागें. हंगामांत तुळईवरील दिवा वाढ्यांच्या आड जातो. तेथें स्थिर दिव्यानें भागत नाहीं.

यावर आम्हीं संघाच्या लोहारखान्यांत एक साधी फळी करवून पाहिली. ट्रॉलीच्या रुंदीएवढी लांब, वीतभर रुंद अशी लांकडी फळी घेऊन तिच्या दोन्ही टोंकांस लाल, ब्रेकचा व वळणाचा असे दिवे बसविले, मध्यें नंबराची पाटी व तिचा दिवा, आणि दोन्ही कडांस लाल परावर्तक. लांकडांतून वीज वाहत नसल्यामुळें परतीच्या तारेवांचून येथें दिवा लागतच नाहीं, म्हणून कारागिरास ती टाळतां येत नाहीं. हा फळीचा एक गुणच झाला. फळीपासून निघालेली चार मीटरांची तार त्याच स्थिर सॉकेटांत बसते, ज्यांत एरव्हीं फाळक्याचा प्लग बसतो. मोळ्या रचून दोर आवळले कीं फळी शेवटच्या मोळ्यांच्या टोंकांशीं दोन आंकड्यांनीं दोरास अडकवावयाची. तार उंसाच्या बाजूनें न नेतां खालून न्यावी, व मधें एका ठिकाणीं सैल बांधावी. गव्हाणीपाशीं पोंचल्यावर ऊंस उतरण्यापूर्वीं फळी काढून चालकाच्या बैठकीमागें ठेवावी. पहिल्या आठवड्यांत एक फळी उंसाबरोबर खालीं गेली व मोडली. तेव्हांपासून आंकड्यांस लाल फडकें बांधतात.

परावर्तकांस वीज लागत नाहीं, म्हणून त्यांस कमी लेखूं नये. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागील लाल दिव्यांप्रमाणेंच मागील दोन्ही बाजूंच्या लाल परावर्तकांचाहि समावेश आहे, व ते ट्रॉलीसहि लागू आहेत. परंतु परावर्तक हा दुसऱ्याच्या उजेडावर जगणारा आहे. मागून येणाराचा दिवा तिरपा पडला, किंवा परावर्तकावर चिखल बसला, तर तो मुका होतो. दिवे गेले तरी कांहींतरी उरावें, एवढ्यासाठीं तो लावावा. तो फाळक्यावर न लावतां ट्रॉलीच्या स्थिर भागावर व फळीवर असा दोन्ही ठिकाणीं लावावा.

राहतां राहिला प्रश्न हा कीं, फळी अडकविली कीं नाहीं हें पाहावयाचें कोणीं? टोळीचा मुकादम म्हणतो, आमचें काम मोळ्या भरण्याचें. चालक म्हणतो, मी पुढें बसतों, मागें काय आहे तें मला कसें दिसावें. आणि मालक त्या वेळीं घरीं असतो. आमच्या त्या सभासदानें यावर स्वतःच एक तोड काढली आहे. फळीचा प्लग सॉकेटांत बसला म्हणजेच पेटेल असा एक लहान हिरवा दिवा त्यानें चालकाच्या समोर बसवून घेतला. त्याची जोडणी सोपी आहे. सात पिनांपैकीं २ री पिन ट्रॉलींत मोकळीच असते. ट्रॅक्टराच्या बाजूनें लाल दिव्यांच्या तारेचा एक फांटा हिरव्या दिव्याच्या एका टोंकास द्यावयाचा व त्याचें दुसरें टोंक २ ऱ्या पिनेस जोडावयाचें. ही तार मागें स्थिर सॉकेटापर्यंत नेऊन फळीच्या प्लगांत ती परतीच्या तारेस जोडलेली ठेवावयाची. फळीचा प्लग निघाला कीं हिरव्या दिव्याची परतीची वाट तुटते व तो विझतो. फाळक्याच्या प्लगांतहि तसेंच करावें. हिरवा दिवा एल्. ई. डी. चा, १२ व्होल्टचा घ्यावा. मागील बल्ब पेटले आहेत कीं नाहींत हें यानें कळत नाहीं, फक्त प्लग बसला आहे एवढें कळतें. बल्ब पाहावयास उतरावेंच लागतें. परंतु त्या रात्रीं हा हिरवा दिवा असता तर चालक फडांतून निघण्यापूर्वीं मागें पाहून आला असता, असें तो मालक म्हणतो, आणि आम्हांसहि तसें वाटतें.

ज्या सभासदांस अशी फळी करवून घ्यावयाची असेल त्यांनीं संघाच्या कचेरींत ठेविलेला नमुना पाहून जावा. मापें व तारांचा नकाशा तेथें भिंतीवर लावला आहे. येतांना आपल्या ट्रॅक्टराचा सॉकेट कोणत्या घरांत कोणती वीज देतो, हें वर सांगितल्याप्रमाणें तपासून लिहून आणावें; तो कागद नसेल तर लोहारखान्यांत दोन खेपा घालाव्या लागतात.